कुरकुरीचा सराव

शिपायानं दार उघडून धरलं, टाचा जुळवून सलाम ठोकला आणि म्हणाला, “या साहेब, आत या. बाकीचे दोघे डॉक्टर येऊन बसलेत, तुमच्यासाठीच थांबलेत.” मेजरला काही उमगायच्या आत त्यानं अदबीनं कोपराला हात लावून त्याला लांबलचक टेबलामागच्या मधल्या, गादीच्या खुर्चीशी नेलं. मेजर बसलाही. सारी उमर ‘बस’ म्हटलं की बसायचं आणि ‘ऊठ’ म्हटलं की उठायचं यातच गेलेली, तेव्हा बसणं हे काही विचार करून करायचं काम राहिलं नव्हतं. उजवीकडे चष्मा केसांत खोचलेली डॉक्टरीण होती, डावीकडे एक किडकिडीत डॉक्टर. दोघं अर्धवट उठून “नमस्कार सर” म्हणाले. डॉक्टरीण म्हणाली, “चला, आज वेळेवर सुरू करू या. पहिल्या पेशंटला बोलवायचं ना?” मेजर समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिला. लोखंडी, तीन पायांचं, जरासं डुगडुगणारं स्टूल. त्याच्यावर आपण असायला हवं होतं हे हळूहळू, ओल भिंतीवर चढावी तसं, त्याच्या अंगावर चढत गेलं. “पेशंट,” तो म्हणाला, “मीच आहे साहेब.”

बाहेर बाकावर त्याची बायको तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होती. डोळ्यांतून पाणी, खांदे गदागदा. “हसू नकोस,” मेजर तिच्याशेजारी बसत म्हणाला. “हसू नको तर काय करू? लोक आजारी पडून दवाखान्यात येतात, तुम्ही डॉक्टर होऊन आलात. पाच मिनिटं आणखी थांबला असता तर दोन पेशंट तपासून आला असता.” शिपाई बिचारा कानकोंडा होऊन दाराशी उभा होता. खरे अध्यक्ष डॉक्टर मागाहून आले. चुरगळलेला शर्ट, एका बुटाची नाडी सुटलेली, बगलेत डबा. शिपायानं त्यांना दारातच अडवून “रांगेत बसा हो काका” म्हटलं, तेव्हा मात्र मेजरलाही हसू आवरेना. हसता हसता त्याला वाटलं, आपला निकाल लागला म्हणायचा. ज्याला बघून शिपाई सलाम ठोकतो त्याला आजारी कोण म्हणणार?

त्याची कुंडलीच अशी. तो मेजर वगैरे काही नव्हता. फौजेतून परत आलेल्या माणसाला गल्ली आपल्या मर्जीनं हुद्दा देते, त्याला मेजर दिला. होता तो पलटणीच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला. पण कवायतीतल्यांना बंदूक जेवढी तेवढा बँडवाल्यांना कपडा. पट्ट्याचं पितळ असं हवं की त्यात समोरच्यानं दाढी करावी. ते अंगात इतकं मुरलं होतं की जितकं आतून ढासळायचं तितकं तो वरून इस्त्री करायचा. आज सकाळी हात इतका कापत होता की वस्तऱ्यानं गाल कापला जाईल असं वाटत होतं. तरी हनुवटीखालचा एक केससुद्धा त्यानं सोडला नव्हता. डॉक्टरांच्या मंडळापुढं जायचं म्हणजे परेडला जायचं. परेडला जाताना कुणी आपली खरूज दाखवत जातं का? मागच्या वेळी तो असाच आला होता. झोप लागते का? उत्तम, साहेब. हात चालतो का? चालतो, साहेब. घाबरल्यासारखं होतं का? नाही, साहेब. दारू? कधीमधी, पाहुणे आले तर. मंडळ खूश झालं. ठणठणीत, असा शेरा मारून त्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं, तेही उजव्या हातानं, म्हणजे जायबंदी डाव्याचा प्रश्नच मिटला. घरी आल्यावर बायको फक्त एवढंच म्हणाली, “आपल्याकडे पाहुणे येतात कुठे?”

या वेळी मात्र ती नोकरीवर रजा टाकून बरोबर आली होती. मंडळानं होकार दिला तरच माजी सैनिकांच्या वॉर्डात खाट मिळणार होती, दारू सोडवणाऱ्या आणि डोक्याचंही बघणाऱ्या वॉर्डात. अपंगत्वाचं पेन्शनही त्याच होकाराला बांधलेलं. नाही म्हटलं तर पुन्हा वर्षभर दार बंद. “वर्षभर मी ओढीन,” ती काल भाजी चिरताना सहज म्हणाली होती, जणू भाजीबद्दलच बोलत असावी, “पण त्यानंतरचं मला सांगता येत नाही.” भांडणात म्हणाली असती तर त्यानं मनावर घेतलं नसतं. ती सुरी खाली न ठेवता म्हणाली. ते त्याला लागलं.

गंमत अशी की ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कानाला फोन. पाणी येत नाही, येतं ते गढूळ येतं, आलं ते थांबत नाही, वरच्या मजल्यावरचा पंप लावतो, खालच्या मजल्यावरची शिव्या देते. अख्खं शहर तिच्या कानात रडायचं. आणि घरी आली की हा ताठ बसलेला, कपाळावर घाम, बशीत हिंदकळलेला चहा, आणि कसं काय विचारलं की ठीक. “जगातली सगळी माणसं माझ्याकडे कुरकुर करतात,” ती म्हणायची, “एक माझाच नवरा मुका निघाला.” त्यानं बाटली लपवली तीही संडासाच्या पाण्याच्या टाकीत. तिला ती त्याच संध्याकाळी सापडली. झाकण हातात धरून ती दारात उभी राहिली. “अहो, पाण्याच्या टाकीत? आणि माझ्यापासून?” तो इतका ओशाळला की दोघं मिळून हसले आणि त्या हसण्यात ती बाटली मोरीत रिकामी झाली. दुसरी कुठे होती ते तिनं विचारलं नाही. दुसरी होती हे दोघांनाही माहीत होतं. हसण्याच्या खाली अशी एक दुसरी बाटली त्यांच्या घरात नेहमीच असायची.

गेला आठवडाभर तिनं त्याच्याकडून सराव करून घेतला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसून ती कानाला मूठ लावायची. “नमस्कार. तक्रार सांगा.” “तक्रार नाही.” “मग फोन कशाला केलात?” “तूच बसवलंयस.” “नीट बोला हो. हाताची काय तक्रार आहे?” “डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. पण बाकीची तीन मिटतात.” “ती तीन मिटतात हे कुणी विचारलं? कुणी मला फोन करून सांगतं का, की नळ बंद आहे पण बादली फार छान आहे? पुढे?” “कानात आवाज येतो. एकच सूर, न थांबता. पण सूर पक्का आहे. आपला फ्रिज त्याच्या अर्धा सूर खाली वाजतो.” तिनं मूठ खाली ठेवली. इतक्या वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. ती उठली, फ्रिजला कान लावून उभी राहिली, बराच वेळ. “मग मी फ्रिज बंद करू का?” तिनं विचारलं. “नको,” तो म्हणाला, “सोबत होते.” त्या दिवशीचा सराव तिथंच संपला.

आत कुणीतरी जोरात खुर्ची सरकवली आणि मेजरची मान आपोआप खांद्यात गेली. बायकोनं आपला गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकवला. काल संध्याकाळपासून घसा कोरडा ठेवला होता त्यानं, आणि आता शरीर आपलं येणं मागत दारोदार फिरत होतं: आधी पोटात, मग पोटऱ्यांत, मग दाढांच्या मुळाशी. डावा हात खिशात होता. खिशातल्या खिशात तो असा फडफडत होता की एखादं पाखरू धरून आणलंय असं बघणाऱ्याला वाटावं. समोरच्या भिंतीचा रंग पिवळा, दवाखान्याचाच असा खास पिवळा, आणि तो बघत राहिलं की त्यातून दुसरा पिवळा वर यायचा. उन्हात भाजलेल्या डोंगराचा. त्याला तिकडे जायचं नव्हतं. पण पाय जातात तिकडे मन जातं असं म्हणतात, त्याचं उलटं होतं. पाय बाकाखाली जोडलेले आणि मन चढण चढत होतं, त्याच्यामागून ढोल चढत होता.

ढोल म्हणजे बँडमधला मोठ्या ढोलावरचा गडी. माणूसही ढोलासारखाच, पुढून गोल. लढाई सुरू झाली की बँडवाल्यांची वाद्यं पेटाऱ्यात जातात आणि हातात स्ट्रेचर येतं. ज्यांनी लग्नातल्यासारखं वाजवायचं त्यांनी जखमी उचलायचे, असाच रिवाज. शिकवणारा पहिल्याच दिवशी म्हणाला, पावलाला पाऊल जुळवू नका. पुढच्याचा डावा पडला की मागच्याचा उजवा पडला पाहिजे, नाहीतर स्ट्रेचर पाळण्यासारखं झुलतं आणि वरच्याचा जीव जातो. सगळे शिकले. हे दोघे बँडवाले शिकेनात. आयुष्यभर तालात चाललेले पाय, ते एकमेकांना शोधत यायचेच. चार पावलं बेताल टाकली की पाचवं जुळलंच. वर झोपलेला किंचाळायचा. मग ढोलानंच युक्ती काढली. दोघांनी दोन वेगळी गाणी म्हणायची, एकाच वेळी, आपापल्या चालीत. पुढून मेजर सुरू करायचा, ‘सावळ्या गं ढगा, उतर माझ्या रानी, माझ्या भावाच्या तहानेला तुझं ओंजळभर पाणी’, लांब लांब, विलंबित. आणि मागून ढोल ‘चल रे गाढवा चल, तुझ्या पाठीवर मीठ, ओढ्यात बसलास तर मालक देईल वीट’ असलं काहीतरी दामटायचा. दोघांच्या दोन चाली, चार पायांच्या चार तऱ्हा, आणि मधे स्ट्रेचर मात्र ताकाच्या वाडग्यासारखं स्थिर. डोंगरावर सगळ्यांना ते ठाऊक झालं होतं. गाढव आणि ढग आले, म्हणायचे.

आणखी एक नियम होता, तो कुणी शिकवला नव्हता. वाहणाऱ्यानं कण्हायचं नाही. एका स्ट्रेचरमागं एकच कण्हणं, आणि ते वरच्याचं. तळवे सोलवटोत, पाठीत उसण भरो, हक्क वरच्याचा. उलट वरच्यानं जितकी कुरकुर करावी तितकं यांना बरं वाटायचं. शेवटच्या खेपेला वर होता तो पलटणीचा आचारी. मांडीत लोखंड घुसलेलं, पण तोंड सुरू. हळू चला रे. गाता कसले, बोंबलता. मरणाआधी माझे कान तरी सोडा. तुम्हाला दोघांना उद्या करपलेलंच वाढतो. ढोल हसत होता, मेजर हसत होता, रान उतरत होतं. मग तो आवाज झाला, ज्याचा सूर अजून कानात राहिलाय. मेजर उठला तेव्हा डाव्या हातातून रक्त ठिबकत होतं. त्यानं रुमाल गुंडाळला, दांडा पुन्हा धरला, ढोलानं मागून धरला, दोघांनी गाणी पुन्हा सुरू केली. बरंच खाली आल्यावर मेजरच्या लक्षात आलं की वरून कुरकुर येत नाहीये. ढोलाच्याही आलं असावं. दोघं गातच राहिले, तंबूपर्यंत, दोन गाणी, ऐकणारं कुणी नसताना.

त्यानंतर त्याला कुणी हाताचं विचारलं की तो ‘ठीक’ म्हणायचा. दुसरं काय म्हणणार? कण्हण्याचा हक्क त्याचा नव्हता, तो आचाऱ्याचा होता आणि आचाऱ्यानं तो वापरला नव्हता. ही गोष्ट त्यानं बायकोला अर्धीच सांगितली होती, गाण्यांपर्यंत. ती ऐकून ती इतकी हसली होती की पुढची अर्धी सांगायची राहून गेली, आणि मग रोज राहत गेली, आणि राहिलेल्या अर्ध्यावर तो रोज थोडं थोडं ओतत गेला. ढोलही ओतायचा. पण ढोलाचा मागच्या महिन्यात फोन आला, आवाज धुतल्यासारखा स्वच्छ. “अरे लेका, मी त्या वॉर्डात राहून आलो. सुटलो बघ. तिथं एक डॉक्टरीण आहे, चष्मा डोक्यात घालते, आणि मग सगळीकडे शोधते. तिला सगळं सांगितलं. गाढवाचं गाणंही म्हणून दाखवलं. तू जा.” “तुला काय झालं होतं?” मेजरनं विचारलं होतं. “तुला जे झालंय तेच की रे, येड्या,” ढोल म्हणाला होता.

शिपायानं नाव पुकारलं, या वेळी नजर खाली घालून. मेजर ताडकन उठला. बायकोनं त्याच्या शर्टाची कॉलर जरा वाकडी केली, बघितलं, समाधान झालं नाही म्हणून एक बटण सोडून ठेवलं. “बाई आत येणार नाहीत,” शिपाई म्हणाला, “नियम आहे.” “मला ठाऊक आहे नियम,” ती म्हणाली, आणि मेजरच्या कानात, चांगल्या कानात, “बादली छान आहे हे सांगू नका.”

स्टूल खरोखरच डुगडुगत होतं. अध्यक्ष डॉक्टर आता मधल्या खुर्चीत होते; डबा टेबलावर. “काय मेजर, माझी खुर्ची आवडली म्हणे,” ते म्हणाले, आणि तिघं मोकळेपणी हसले. चांगली माणसं होती. चांगल्या माणसांपुढं तर आणखीच कठीण. त्यांना नाराज कसं करायचं? “कसं काय आहे?” अध्यक्षांनी विचारलं. “एकदम ठीक, साहेब.” निघून गेलं तोंडातून. टाचा बसल्या बसल्या जुळल्या. अध्यक्षांनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. मेजरला पेनाचा आवाज ऐकू येत होता, आणि त्या आवाजामागं वर्षभर बंद होणारं दार. सरावातलं एक वाक्य आठवेना. हात, कान, झोप, सगळ्या तक्रारी खिशातून पडलेल्या नाण्यांसारख्या कुठं घरंगळल्या होत्या. डॉक्टरीण केसांतला चष्मा टेबलावर शोधत होती. “मेजर,” ती शोधता शोधता म्हणाली, “तुम्ही स्ट्रेचरच्या कामावर होता ना? जखमी तंबूत आणून ठेवला की तुम्ही करायचात काय? ठेवून निघून जायचात?” “नाही बाई. रपोट द्यायचा. डॉक्टरला काय माहीत, वाटेत काय झालं ते? आणणाऱ्यानं सांगायचं.” “कसा द्यायचात?” “उभं राहून.” “मग द्या ना,” ती म्हणाली. “कुणाला आणलंय आज?”

मेजर उठून उभा राहिला. स्टूल मागं डुलत राहिलं. त्यानं समोर पाहिलं, टेबलाच्या अलीकडे, फरशीवर, जिथं स्ट्रेचर ठेवायचं असतं. तिथं त्याला एक माणूस दिसला, गुळगुळीत दाढीचा, कडक इस्त्रीचा. बघून दया आली. “जखमी एक,” तो म्हणाला. आवाज बँडच्या मैदानावरचा निघाला. “डावा हात. दोन बोटं कामातून गेली. वाद्य धरता येत नाही, बटण लावता येत नाही, बायको लावते. डावा कान बंद, आत सूर चालू. झोप लागत नाही. लागली तर ओरडून उठतो. भांडं पडलं की टेबलाखाली जातो, आणि मग चमचा शोधत होतो असं सांगतो. दारू रोज. पाहुणे येत नाहीत. काल संध्याकाळपासून घेतलेली नाही, म्हणून आता अंग कापतंय.” त्यानं डावा हात खिशातून काढला आणि तो सगळ्यांसमोर फडफडू दिला. “वाटेत एक आचारी गेला. तो गप्प झाला ते याला कळलं होतं, तरी हा गात राहिला. कारण थांबला असता तर कळलं असं झालं असतं. हे यानं कुणाला सांगितलेलं नाही.” किडकिडीत डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला. “शुद्धीवर आहे,” मेजरनं शेवट केला. “लवकर बघा साहेब. बराच वेळ झाला याला आणायला निघून.”

अध्यक्षांनी लिहिलेल्यावर काट मारली. चांगली लांब काट, कागद फाटेल अशी. “ताब्यात घेतला,” ते म्हणाले, आणि घसा खाकरला. “आजच दाखल. पेन्शनचं मी लिहितो, ते लागेल मार्गी.” डॉक्टरणीनं बेल वाजवली. बायको दारातून आत डोकावली ती तिघांच्या चेहऱ्यांकडे बघतच राहिली, कारण किडकिडीत डॉक्टर नाक पुसत होते आणि तिचा नवरा, उभा, घामानं चिंब, लहान मुलासारखा हसत होता. “सांगितलं?” तिनं विचारलं. “सगळं. तुला माहीत नाही तेही. तुला वॉर्डात गेल्यावर सांगतो.” “बादली?” “बादलीचं नावसुद्धा काढलं नाही.”

वॉर्ड दुसऱ्या टोकाला होता आणि दवाखान्याचा दंडक असा की दाखल झालेला पेशंट चालत जाणार नाही. चाकाची खुर्ची आली, ढकलणारा जेवायला गेलेला. “मी चालतो की,” मेजर म्हणाला. “आजपर्यंत मी लोकांना नेलंय.” “बसा,” बायको म्हणाली. तो बसला, आणि या वेळी बसणं हे विचार करून करावं लागलं. पाय पाट्यांवर ठेवायचे, हात मांडीवर, आणि पुढं काहीच करायचं नाही. ती मागून ढकलू लागली. तिला सवय नव्हती. खुर्ची एकदा या भिंतीकडे, एकदा त्या भिंतीकडे. नर्सा बाजूला होत होत्या, एका म्हाताऱ्यानं काठी छातीशी धरली. बसून बघितलं की जग निराळंच दिसतं हे मेजरच्या ध्यानात आलं: माणसांची पोटं, सुटलेली बटणं, हातातल्या पिशव्यांचे बंद, खिडक्यांत नुसतं आभाळ. मागं तिचा धापा टाकण्याचा आवाज. ती काहीतरी गुणगुणत होती, चाल धड नव्हती. त्यानं मान मागं टेकली. किती वर्षांनी त्याच्या हातात कुठलाच दांडा नव्हता.

वॉर्डाच्या दाराला उंबरा होता. तिनं तो पाहिला नाही. पुढची चाकं धाडकन आपटली, खुर्ची तिरकी झाली आणि मेजरचा डावा हात, तोच, दाराच्या चौकटीवर जाऊन आदळला.

“आई गंऽऽ!”

आरोळी वॉर्डभर गेली. खाटांवरची डोकी उठली. कुणीतरी पेपर खाली केला. बायको धावत पुढं आली, गुडघ्यांवर बसली, त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि मग, मधेच, त्यावर काहीतरी उजाडल्यासारखं झालं.

“दुखलं?” तिनं विचारलं.

“दुखलं तर! कळ गेली कोपरापर्यंत. बघून ढकलता येत नाही? आणि वेगानं तर अशी, की गाडी सुटतेय. माझी पाठही अवघडलीय या खुर्चीत, मान तर…”

“अजून?” ती म्हणाली. डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसत होती. “अजून कुठं दुखतंय?”

“सांगतो ना,” मेजर म्हणाला, “जरा दमानं घे.” आणि तिथं, उंबऱ्यावर, अर्धी खुर्ची आत आणि अर्धी बाहेर, तो एकेक सांगू लागला.